दोन विरुद्ध एक

नवराबायको एकाच अवकाश केंद्रात नोकरीला आहेत म्हटलं की लोक हमखास विचारायचे, "मग घरीसुद्धा ऑफिसच चालत असेल तुमचं?" मी हसून वेळ मारून नेत असे. खरं सांगायचं तर सहा वर्षांत आमच्या घरात कामाचा एक शब्द उच्चारला गेला नव्हता. तो उच्चारला जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी डबी बसवलेली होती. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. वसाहतीत सगळे तिला कानोसा म्हणत.

डबीवर एक दिवा होता. बोलणं घरगुती असलं की हिरवा, शंका आली की पिवळा आणि कामाचं काही निघालं की लाल. लाल झाला की फाटकावरची माणसं चार मिनिटांत दारात. नुसते शब्द पकडणारं यंत्र असतं तर आम्ही त्याला केव्हाच गुंडाळून ठेवलं असतं. पण कानोशाला भाषा कळत होती, आडून बोललेलं कळत होतं, टोमणासुद्धा कळत होता. गळ्यातल्या ओळखपत्रात त्याचं धाकटं भावंड बसवलेलं असल्यामुळे बाहेर फिरायला गेलो तरी सुटका नव्हती. मग आम्ही भाज्यांबद्दल बोलायचो, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलायचो, आणि बाकीचं सगळं उड्डाणानंतर करायचं ठरवायचो. मूल उड्डाणानंतर, घर उड्डाणानंतर, भांडणसुद्धा उड्डाणानंतर.

हा सगळा खटाटोप टिटवीसाठी होता. टिटवी म्हणजे आमचं यान. दोन माणसांना अवकाशस्थानकावर नेऊन परत आणायचं आणि पारनेरपल्याडच्या आमच्या माळावर, कोरड्या जमिनीवर उतरवायचं, एवढंच तिचं काम.

अवकाशात संगणकाचं डोकं फिरायला फार काही लागत नाही. कुठूनतरी लांबून आलेला एखादा कण चिपमधून आरपार जातो आणि जाताजाता शून्याचा एक करून ठेवतो. जमिनीवर आपण संगणक बंद करून पुन्हा चालू करतो. ताशी नव्वद किलोमीटरने खाली येणाऱ्या माणसांना तेवढी सवड नसते. म्हणून यानात एकाच्या जागी तीन संगणक ठेवतात आणि प्रत्येक निर्णयावर त्यांचं मतदान घेतात. दोघं एक म्हणाले आणि तिसरा वेगळं म्हणाला, तर तिसऱ्याचं ऐकायचं नाही. पद्धत जुनी आणि चोख आहे. तिच्यात खोट एकच. तिघांच्याही डोक्यात एकच चूक भरलेली असेल, तर तिघंही एकाच जागी, एकाच वेळी आणि अगदी एकमताने चुकतात.

यावर उपाय म्हणून टिटवीचे तीन संगणक तीन गटांनी बनवले. अ, ब आणि क. चिप वेगळ्या, प्रोग्रॅमच्या भाषा वेगळ्या, वायरी पुरवणारेही वेगळे. तीन इमारती, तीन फाटकं, तीन कॅन्टीन. एका गटाचा शब्द दुसऱ्या गटात जायचा नाही, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला लागायची नाही. स्वतःची चूक सापडली तर ती दुरुस्त करून आपल्या गटाच्या मोहोरबंद वहीत लिहायची. ती वही उड्डाण झाल्यावरच उघडणार. या नियमाला आम्ही सोवळं म्हणायचो. कुणी बोललाच तर दोन्ही गट बाटले, आणि बाटलेला संगणक यानात जात नाही.

मी, कौस्तुभ वडनेरे, अ गटाचा प्रमुख. माझी बायको शाल्मली ब गटाची प्रमुख. लग्न आधीचं, प्रकल्प नंतरचा. सोडायला दोघांपैकी एकही तयार नव्हतं, म्हणून भिंतीवर डबी आली. संमतीपत्रावर सह्या केल्या त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. अक्कल गहाण टाकली की माणूस पेढेच वाटतो.

उड्डाण एप्रिलात होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही टिटवीचा नमुना क्रेनला टांगून जोरात हलवत होतो.

टिटवी पॅराशूटखाली झोके घेत उतरते. तिच्या तळाचा रडार जमिनीचं अंतर मोजतो, संगणक ते वाचतो आणि जमीन बारा मीटरवर आली की चार इंजिनं पेटवतो. ती वेळेवर पेटली तर यान अलगद टेकतं. नाही पेटली तर आतली दोन माणसं जिवंत राहत नाहीत. आता झोका फार तिरका गेला की रडारला जमीन दिसेनाशी होते. अशा वेळी तो शेवटचंच वाचन पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. हे त्याच्या पुस्तिकेत छापलेलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते वाचलेलं होतं.

रडार दर वेळी लागोपाठ तीन वाचनं पाठवतो. पडद्यावर आकडे आले, ३८.४१७, ३८.४१७, ३८.४१७. शेजारी संगणकाचा शेरा होता, भरवसा शंभर टक्के. क्रेनवाल्याने तोवर नमुना खाली घ्यायला सुरुवात केली होती. नमुना तीस मीटरवर आला, वीसवर आला, आणि पडद्यावर तेच ३८.४१७ आणि तोच शंभर टक्के भरवसा. आतलं घड्याळ आणि गतिमापक ओरडून सांगत होते की आपण खाली चाललोय. पण रडारवर पूर्ण भरवसा बसला की संगणक त्यांचं ऐकत नसे.

संगणकाला तसं शिकवणारा मीच होतो. तीन वाचनं शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी आली की डोळे मिटून मानायचं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते मला तोरसकर सरांनी शिकवलं होतं.

तोरसकर सर आमच्या तंत्रनिकेतनात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेत. जर्नलमध्ये प्रत्येक मापाची तीन वाचनं लिहायची. तिन्ही सारखी असली की दहापैकी दहा, थोडी इकडेतिकडे असली की सहा, वर "हात स्थिर ठेवा" असा लाल शेरा. मग पोरं काय करणार? एक वाचन घ्यायचं आणि तीनदा लिहायचं. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी हेच केलं आणि पुढे ते खोटं होतं हेही विसरून गेलो. राहिली ती फक्त श्रद्धा, की तीन सारखी म्हणजे बरोबर. खरं माप तसं कधीच येत नाही. चालू असलेला काटा थोडा तरी हलतो. तिन्ही वाचनं तंतोतंत सारखी येतात तेव्हा कुणीतरी मोजायचं सोडून दिलेलं असतं.

मी दोन दिवसांत दुरुस्ती केली. तीन वाचनं तंतोतंत सारखी आली की रडार आंधळा झाला असं धरायचं आणि घड्याळ-गतिमापकावर चालायचं. सहा मार्चला वहीत नोंद केली, मोहोर लावली आणि घरी जाऊन शांत झोपलो. तेव्हा एवढंच डोक्यात आलं नाही, की शाल्मली माझ्या शेजारच्या टेबलावर प्रॅक्टिकल करायची. क गटाचा प्रमुख भालेराव तिच्या पलीकडे असायचा. केंद्राने आमची नातीगोती तपासली होती, मित्र तपासले होते, आमची प्रोग्रॅम लिहायची ढब तपासली होती. प्रॅक्टिकल कुणी घेतलं हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी होनरावांनी मला बोलावलं. होनराव हे मध्यस्थ, तिन्ही संगणकांची उत्तरं ताडून बघणारे. तिन्ही इमारतींत जायची परवानगी असलेला केंद्रातला एकमेव माणूस. मागच्या वर्षी जुने मध्यस्थ निवृत्त झाले तेव्हा आलेले.

"वडनेरे, तुमचा संगणक बिघडलाय," ते म्हणाले.

"बिघडला नाही सर, दुरुस्त झालाय."

"तिरक्या झोक्यात ब आणि क उंची सांगतात. तुमचा म्हणतो, मला दिसत नाही. दोन विरुद्ध एक."

"कारण त्या वेळी रडार..."

त्यांनी हात वर केला. "कारण सांगायचं नाही. मी इथून उठून ब मध्ये जाणार आहे. माझ्या चेहऱ्यावरसुद्धा दिसता कामा नये."

"मग त्यांना एवढंच विचारा ना, की..."

"प्रश्न विचारला की उत्तर फुटलं. तुम्हीच नवीन मुलांना शिकवता हे."

शिकवत होतो. हीच तर पंचाईत होती. नियम कुणा मूर्खाने केलेला असता तर मी तो हसत मोडला असता. तो शहाण्यांनी केला होता आणि सहा वर्षं मीच त्याचे गोडवे गायले होते.

"सहा वर्षांत असे एकोणीस मतभेद झाले," होनराव म्हणाले. "एकोणीसच्या एकोणीस वेळा जो एकटा पडला त्याने बदल मागे घेतला आणि तिघांचं पुन्हा जमलं."

"जमलं म्हणजे बरोबर झालं असं होतं का?"

"शनिवारी दुपारी बारापर्यंत जुनी आवृत्ती घाला. तिची तपासणी झालेली आहे. तुम्ही नाही घातलीत तर मला घालावी लागेल."

"आणि मी वहीत लिहिलंय ते?"

"उड्डाणानंतर वाचू."

"तोवर आतली दोघं राहिली पाहिजेत सर."

होनरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की आपण त्या दोघांचाच जीव वाचवतोय.

आणि गंमत अशी की मी हट्टाला पेटून माझी दुरुस्ती कायम ठेवली असती तरी उपयोग शून्य होता. वर यानात मतदान होणारच होतं. ब आणि क ठामपणे चुकीचं सांगणार, माझा एकटा बरोबर सांगणार आणि यान त्याला गप्प बसवून जमिनीवर आदळणार. बरोबर असून काही फायदा नाही, ही अवस्था मला नवीन होती.

चार दिवस मी घरात पिंजऱ्यातल्यासारखा फिरलो. चिठ्ठी लिहिता आली असती. कानोशाला डोळे नव्हते. पण चोरून सांगायचं म्हणजे शाल्मलीला वहीत खोटी नोंद करायला लावायची, ही चूक मलाच सापडली म्हणून. कॉलेज सुटल्यापासून तिने एक आकडा खोटा लिहिला नव्हता. ती चिठ्ठी वाचून तशीच होनरावांकडे घेऊन गेली असती. आणि सरळ तोंडाने बोलावं तर अ आणि ब दोन्ही बाटणार, दोघांची नोकरी जाणार. माझी गेली असती तर मी सोसलं असतं. तिची सहा वर्षं तिला न विचारता चुलीत घालायची, हे कुठल्या तोंडाने करायचं? विचारावं म्हटलं तर विचारणं म्हणजेच सांगणं.

गुरुवारी जेवताना मी धीर करून म्हटलं, "परवा तोरसकर सरांची आठवण झाली गं. काय ती प्रॅक्टिकल्स!"

डबी पिवळी झाली.

शाल्मलीचा हात ताटातच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुरे," ती म्हणाली, "मीठ दे इकडे." तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, नियमाला घाबरली. मला तिचा राग आला. इतकी कसली सोवळ्याची हौस, असं मनात म्हणत मी उरलेला भात गिळला. दिवा हळूहळू हिरवा झाला.

शुक्रवारी यानात बसणारी दोघं माळावर आली. कमांडर इरावती नगरकर आणि तिचा जोडीदार. तिन्ही गटांना लांबून टाळ्या वाजवायची परवानगी होती. इरावती प्रत्येक गटासमोर थांबून म्हणाली, "तुमचे तीन गट आहेत म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." मी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या दोरीमागे शाल्मली उभी होती. तीही वाजवत होती, मान खाली घालून.

शनिवारी सकाळी दहाला शाल्मली थालीपीठ लावत होती. तव्यावर पीठ थापून बोटाने भोकं पाडत होती. बारा वाजायला दोन तास होते.

"शाल्मली, मला माफ कर," मी म्हटलं, आणि एका दमात बोलून टाकलं. "तिरक्या झोक्यात रडार अडकतो आणि एकच आकडा पाठवत राहतो. तीन सारखी वाचनं आली की माझा संगणक त्याच्यावर पूर्ण भरवसा टाकायचा. तुझाही टाकतो, क चाही टाकतो. मी दुरुस्त केलं, पण मी एकटा पडलोय. इंजिनं पेटणारच नाहीत. ती दोघं मरतील."

डबी पहिल्याच वाक्याला लाल झाली होती.

शाल्मलीने गॅस बंद केला. मला वाटलं, ती ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "चौदा महिने."

"काय चौदा महिने?"

"मागच्या जानेवारीत मला सापडलं हे. हेच. मी दुरुस्त केलं. अ आणि क विरुद्ध गेले. दोन विरुद्ध एक. तेव्हाच्या मध्यस्थांनी मला चार दिवस दिले, मी मागे घेतलं."

मला आधी काही कळेचना. मग कळलं. तिचं बरोबर उत्तर ज्या दोघांनी खोटं पाडलं, त्यातला एक मी होतो. आणि आता माझं खोटं पाडणाऱ्या दोघांत ती होती. गुरुवारी ती पांढरी पडली ती नियमाला घाबरून नव्हे, हेही आत्ता कळलं.

"तुला खात्री नव्हती?"

"होती."

"मग मागे का घेतलंस?"

"कारण अ मध्ये तू होतास, कौस्तुभ. भालेराव चुकतो, मला माहितीय. मीही चुकते. पण इतक्या सोप्या ठिकाणी तू चुकशील असं मला वाटलंच नाही. म्हटलं, तो म्हणतोय त्या अर्थी माझ्यातच काहीतरी राहिलं असेल. चौदा महिने शोधतेय मी, माझ्यात काय राहिलं ते."

चौदा महिने ती माझ्या शेजारी झोपत होती, उठत होती, भेंडी निवडत होती आणि माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःला खोटं ठरवत होती. मी काहीही केलं नव्हतं. नुसता सगळ्यांसारखा चुकलो होतो.

दारावर थाप पडली. फाटकावरची दोन माणसं आणि त्यांच्या मागे धापा टाकत होनराव.

"काय केलंत हे?" होनराव म्हणाले. "दोन तास राहिले होते. दोन्ही बाटवलेत. उड्डाण गेलं!"

शाल्मलीने पिठाचे हात पदराला पुसले. "सर, आमच्या वह्या उघडा. माझी गेल्या वर्षीची बारा जानेवारीची नोंद, याची या महिन्यातली..."

"सहा मार्च," मी म्हटलं.

"दोन्हींत एकच चूक लिहिलेली सापडेल. आज सकाळी दहापर्यंत आम्ही एकमेकांना काही सांगितलेलं नाही, याला ही तुमची डबीच साक्षीदार आहे. सहा वर्षांचं ध्वनिमुद्रण ऐका हवं तर, झोप चांगली लागेल. सर, दोन गटांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट शोधली आहे. तुमचाच नियम. मोजा मतं."

होनराव उंबऱ्यावरच उभे राहिले. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, खरोखरच मोजत असल्यासारखी.

"म्हणजे दोन विरुद्ध एकच होतं," ते शेवटी म्हणाले. "फक्त एक मत गेल्या वर्षी पडलं."

"आणि ते तुम्ही लोकांनी पेटीतून काढून टाकलंत," शाल्मली म्हणाली.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि उड्डाण थांबवायला सांगितलं. पलीकडून बराच वेळ कुणीतरी ओरडत होतं. होनराव "हो", "माझ्या जबाबदारीवर" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "ती दोघं जगतील," ते म्हणाले. "पण तुमची ओळखपत्रं मला घ्यावी लागतील. नियम आहे." ते बोलताना त्यांना लाज वाटत होती, हे मला दिसलं. आम्ही काढून दिली. सहा वर्षं गळ्यात असल्यामुळे मानेला हलकं हलकं वाटत होतं.

दोन्ही रक्षक आम्हाला फाटकाकडे घेऊन निघाले. अर्ध्या रस्त्यात शाल्मली थांबली.

"तू तीनच वाचनं का धरलीस रे?"

"तीन पुरतात."

"कशी पुरतात? चांगला रडारसुद्धा कधीतरी योगायोगाने तीनदा सारखं बोलेल. मग तू त्या बिचाऱ्याला आंधळा ठरवणार. मी पाच धरली होती."

"पाच म्हणजे दुसऱ्या फेरीपर्यंत थांबायचं. तेवढा वेळ कुठून आणायचा?"

"अरे, अडीच मीटर पडेल यान तेवढ्यात. बारातून अडीच गेले तर बिघडतं काय? आकडेमोड करून बघ की!"

"साहेब, बाई, जरा हळू," एक रक्षक म्हणाला. "सगळे बघतायत."

खरंच बघत होते. तिन्ही इमारतींच्या खिडक्यांत माणसं गोळा झाली होती. मी भर रस्त्यात बोटांवर हिशेब केला, चुकला, पुन्हा केला. पाचच हवी होती. ती बरोबर होती आणि मी तिला तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तसं सांगितलं.